प्रवाळ, तापणारा समुद्र आणि खाडीकाठची गावे

ठाण्याहून जुन्या आग्रा रस्त्याने भिवंडीकडे निघाले आणि बाळकुम मागे टाकले, की कशेळीचा पूल लागतो. पुलाखालचे पाणी उल्हास नदीचे. पण येथे ते नदीचे उरलेले नसते, खाडीचे झालेले असते. भरतीबरोबर ते कल्याणच्या दिशेने वर चढते, ओहोटीबरोबर घोडबंदरच्या अंगाने वसईकडे उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. पुलापलीकडे कशेळी व तिला लागूनच काल्हेर हे गाव आहे. भिवंडी तालुक्यातील गोदामांच्या विस्तीर्ण पट्ट्यात आता त्याची गणना होते. २०१६ च्या कायद्याने या खाडीस राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ५३ चा दर्जा मिळाला असून त्या मार्गावरील नियोजित धक्क्यांत काल्हेरचे नाव आहे.

अशा गावातील पंचायत सदस्यांपुढे किंवा शाळेतील शिक्षकांपुढे प्रवाळांच्या रक्षणाचा विषय काढला, तर "आमच्या खाडीत पोवळे कुठले आले?" असा प्रश्न प्रथम विचारला जाईल. प्रश्न रास्त आहे. काल्हेरच्या खाडीत प्रवाळ नाही आणि असणे शक्यही नाही. मात्र ते येथे का नाही, याचे उत्तर नीट समजून घेतले, तर मालवणच्या समुद्रात ते का आहे आणि आज ते कशामुळे संकटात सापडले आहे, याचाही उलगडा होतो. प्रस्तुत लेखात त्याच क्रमाने विचार करावयाचा आहे.

वनस्पती नव्हे, प्राणी

पोवळे आपल्या परिचयाचे आहे ते अंगठीतील रत्न म्हणून किंवा वैद्यांच्या प्रवाळभस्मातील द्रव्य म्हणून. रत्न म्हणून विकले जाणारे तांबडे पोवळे प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येत आले आहे. आपल्या किनाऱ्यावरील प्रवाळ निराळे. ते दगडासारखे दिसते, पण त्या दगडाच्या पृष्ठभागावर मऊ शरीराच्या असंख्य लहान प्राण्यांची वसाहत असते. प्रत्येक प्राणी समुद्राच्या पाण्यातील चुन्याचा अंश घेऊन आपल्याखाली घर बांधतो. पिढ्यान्‌पिढ्या घरावर घर रचले जाते व त्यातून खडक तयार होतो. वाढ अतिशय मंद असते. गोट्याच्या आकाराचे पोराइटीस जातीचे प्रवाळ वर्षाला साधारणपणे एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे अर्धा मीटर उंचीचा गोटा तयार व्हावयास पन्नास वर्षे लागतात. तो फोडावयास नांगराचा एक फटका पुरतो.

या प्राण्याच्या पेशींमध्ये अतिसूक्ष्म शैवाले राहतात. सूर्यप्रकाशात ती अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा भाग यजमानास देतात. प्रवाळाच्या गरजेपैकी नव्वद टक्क्यांपर्यंत ऊर्जा या मार्गाने मिळू शकते. त्याचा तपकिरी, हिरवट किंवा पिवळसर रंगही बहुतांशी या शैवालांचाच असतो. एकाने घर द्यावे व दुसऱ्याने अन्न द्यावे, असा हा व्यवहार आहे. तो चालू राहण्यासाठी पाणी पुरेसे खारे हवे, उबदार हवे आणि मुख्य म्हणजे तळापर्यंत ऊन पोहोचेल इतके नितळ हवे.

काल्हेरच्या खाडीत यांपैकी ऊब तेवढी आहे. पावसाळ्यात सह्याद्रीवरून येणाऱ्या पाण्यामुळे खाडीचा खारटपणा पार उतरतो. भरती-ओहोटीच्या ओढीने तळाचा चिखल सतत घुसळला जातो व ऊन हातभरही खाली जात नाही. ठाणे जिल्ह्यालाच नव्हे, तर साऱ्या कोकण किनाऱ्याला हे कमी-अधिक प्रमाणात लागू आहे. लक्षद्वीपसारखी विस्तीर्ण प्रवाळभित्ती महाराष्ट्राच्या किनाऱ्यालगत आढळत नाही, याचे एक मोठे कारण कोकणच्या नद्यांचा गाळ हे आहे.

तरीही मालवणजवळ, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरातील खडकांवर, प्रवाळांच्या वसाहती आहेत. पोराइटीस, फॅव्हायटीस, टर्बिनारिया अशा, गढूळपणा काही अंशी सोसणाऱ्या जातींचा त्यांत भरणा आहे. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आणि मुंबईच्या खडकाळ भागांतही लहान लहान वसाहती तग धरून आहेत. किनाऱ्यापासून सुमारे शंभर किलोमीटर आत, विजयदुर्गच्या पश्चिमेस, समुद्राखाली एक पठार आहे. त्याला कान्होजी आंग्रे यांच्या नावावरून 'आंग्रिया बँक' म्हणतात. त्याचा माथा पाण्याखाली सुमारे वीस मीटरवर आहे. नद्यांचा गाळ तेथवर पोहोचत नाही आणि म्हणून तेथे प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. गाळ आणि प्रवाळ यांच्या वैराचा यापेक्षा स्पष्ट पुरावा शोधण्याची गरज नाही.

जगाच्या समुद्रतळाचा एक टक्क्याहूनही कमी भाग प्रवाळभित्तींनी व्यापला आहे. परंतु सागरी जीवजातींपैकी सुमारे चतुर्थांश जातींना त्यांचा कोणत्या ना कोणत्या अवस्थेत आश्रय लाभतो. मत्स्यव्यवसायाशी असलेला त्यांचा संबंध येथेच स्पष्ट होतो.

एका अंशाचा प्रश्न

हवेतील कार्बन डायऑक्साइडसारखे वायू वाढल्यामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साठत आहे, तिचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग समुद्राने शोषून घेतला आहे. प्रवाळ हे मुळातच आपल्या सहनशक्तीच्या वरच्या मर्यादेजवळ जगत असते. त्या ठिकाणच्या सर्वांत उष्ण महिन्याचे जे सरासरी तापमान असेल, त्याहून केवळ एक अंश सेल्सियस अधिक तापमान चार आठवडे टिकले, तर आत राहणाऱ्या शैवालांचे कार्य बिघडते. ती यजमानास अपायकारक द्रव्ये निर्माण करू लागतात आणि प्रवाळ त्यांना बाहेर टाकते. शैवाले गेली की रंग जातो व पारदर्शक शरीराखालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. या अवस्थेस विरंजन म्हणतात. उष्णतेचा हा भार आठ आठवड्यांच्या प्रमाणात साचला, तर मोठ्या प्रमाणावर मृत्यू ओढवतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे अगत्याचे आहे. पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते; ते उपाशी असते. पाणी वेळीच निवले तर शैवाले परत येतात व प्रवाळ सावरते. पुढील विवेचनाचा सारा भर या सावरण्याच्या काळावर आहे.

जगभर पसरलेली विरंजनाची पहिली मोठी लाट १९९८ मध्ये आली, दुसरी २०१० मध्ये आणि तिसरी २०१४ ते २०१७ या काळात. चौथी लाट आल्याचे एप्रिल २०२४ मध्ये जाहीर झाले. ती २०२३ च्या आरंभापासून सुरू झाली होती आणि जगातील प्रवाळक्षेत्रांपैकी चार-पंचमांशांहून अधिक क्षेत्राला विरंजनकारक उष्णतेची झळ पोहोचली. आपल्या लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षांत विरंजन झाले; तेथील जिवंत प्रवाळांचे आच्छादन १९९८ नंतरच्या चोवीस वर्षांत जवळजवळ निम्म्यावर आले. दोन आघातांमधील अंतर कमी होत चालले आहे, हे यातील खरे दुखणे होय. दहा-बारा वर्षांनी येणारे संकट सोसता येते, पण पाच-सहा वर्षांनी येऊ लागल्यास प्रवाळांना पुन्हा उभे राहण्यास अवधीच मिळत नाही.

मालवणही यातून सुटलेले नाही. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मे २०१४ मध्ये व पुन्हा २०१५ मध्ये तेथील प्रवाळांचे विरंजन नोंदविले आहे. गढूळपणा सोसणारे प्रवाळ उष्णतेलाही पुरून उरेल, अशी आशा कोणी धरली असेल तर तिला या नोंदींनी आळा बसावा.

हवामानबदलाच्या आंतरशासकीय मंडळाने २०१८ मध्ये दिलेल्या अहवालानुसार जागतिक तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी उष्ण कटिबंधातील प्रवाळांपैकी सत्तर ते नव्वद टक्के नष्ट होण्याचा धोका आहे; दोन अंशांवर गेल्यास नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक. हे आकडे निराशाजनक आहेत यात शंका नाही. मात्र दहा टक्के उरणे आणि एक टक्का उरणे यांतील अंतर लहान मानता येणार नाही. जेथून पुन्हा बीज पसरेल अशी ठाणी शिल्लक राहतात की नाही, हे त्या अंतरावर अवलंबून आहे.

स्थानिक उपायांचे खरे स्थान

या विषयावरील लेखनात पुष्कळदा असा आभास निर्माण केला जातो, की किनारा स्वच्छ ठेवला आणि मासेमारी आवरली की प्रवाळ उष्णतेपासून सुरक्षित राहील. हे खरे नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील पाणी निर्मळ आणि वस्ती अत्यंत विरळ. तरीही २०१६ च्या उष्णतेने सर्वाधिक हानी त्याच भागाची केली. तीव्र उष्णतेपुढे स्वच्छ पाण्याची ढाल उपयोगी पडत नाही. तापमानवाढीचे मूळ कारण म्हणजे कोळसा आणि खनिज तेल यांचे ज्वलन, व ते कमी केल्यावाचून प्रवाळांचे रक्षण होणार नाही, हे पंचायत सदस्यांना आणि विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

मग गावपातळीवर करण्यासारखे काय उरते? उरते ते पथ्य. तापातून उठलेल्या माणसाला जसे पथ्य सांभाळावे लागते, तसेच विरंजनातून वाचलेल्या प्रवाळाला. ते अशक्त असते. अशा वेळी अंगावर गाळ बसला तर तो झटकून टाकण्यास लागणारी शक्ती त्याच्याजवळ नसते. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर पोसलेले मोठे शेवाळ मोकळ्या झालेल्या खडकाचा ताबा घेते. प्रवाळांची तरंगती पिल्ले नवे घर मांडण्यासाठी स्वच्छ, कठीण खडक शोधत असतात. खडकावर चिखलाचा थर वा शेवाळाची दाटी असेल तर त्यांना बूड टेकता येत नाही. शेवाळ खाणारे मासे भरपूर असतील तर खडक साफ राहतो. जाळ्यांनी ते उपसून नेले असतील तर राहत नाही. म्हणजे आघात कोठून यावा हे गावाच्या हाती नाही; परंतु आघातानंतर प्रवाळाने उठावे की नाही, हे पुष्कळ अंशी गावाच्या हाती आहे.

मालवणचा अनुभव

मालवण सागरी अभयारण्य १३ एप्रिल १९८७ रोजी घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यात सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांचा परिसर येतो. त्यातील गाभा क्षेत्र तीन चौरस किलोमीटरहून थोडे अधिक आहे. घोषणेला स्थानिक मच्छीमारांचा विरोध होता आणि तो पुढेही टिकून राहिला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या पाण्यात रापण ओढली त्या पाण्यात उद्या पाऊल टाकता येईल की नाही, ही त्यांची शंका होती. तिचे समाधान आरंभी व्हावयास हवे होते तसे झाले नाही. प्रस्तुत लेखकाच्या मते, नकाशावरील सीमारेषा किनाऱ्यावरच्या माणसाला मान्य नसेल तर तिचे रक्षण करण्यास कितीही पहारे अपुरेच पडतात. आणि हेही तितकेच खरे, की मोठ्या यांत्रिक नौकांच्या उपशाने पारंपरिक रापणकराचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे कोणत्याही अभयारण्याने केलेले नाही. राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले, त्यामागे हीच तक्रार होती.

गेल्या दोन दशकांत मालवण-तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटन वाढले. स्नॉर्केलिंग आणि स्कुबा डायव्हिंग यांमुळे अनेक कोळी कुटुंबांना रोजगार मिळाला, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. परंतु त्यात एक अडचण दडलेली आहे. अरबी समुद्राचा पृष्ठभाग पावसापूर्वीच्या एप्रिल-मे महिन्यांत सर्वाधिक तापतो, आणि उन्हाळी सुटीतील पर्यटकांची गर्दीही त्याच दिवसांत होते. प्रवाळ जेव्हा सर्वाधिक दुर्बल असते, तेव्हाच त्यावर सर्वाधिक पाय पडतात, नांगर टाकले जातात आणि पंखांच्या फटकाऱ्याने तळाची वाळू उडविली जाते.

थायलंडने २०१६ मध्ये विरंजन सुरू झाल्यावर अनेक डायव्हिंगस्थळे तात्पुरती बंद केली होती. आपल्याकडे हा विचार नवा वाटण्याचे कारण नाही. पावसाळ्यातील मासेमारीबंदी कोकण किनाऱ्याने पाळली आहे आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करूनच होड्या पुन्हा लोटण्याची रीत तर कायद्याहून जुनी आहे. त्याच धर्तीवर, समुद्राचे तापमान धोक्याच्या रेषेपलीकडे गेल्याची सूचना मिळताच प्रवाळांच्या खडकांवरील उतरणे काही आठवडे थांबविण्याचा ठराव किनाऱ्यावरील ग्रामसभांना करता येईल. अशा सूचना उपग्रहांच्या निरीक्षणावरून आज उपलब्ध होतात. बंदीच्या आठवड्यांत नौकाचालकांचा रोजगार बुडणार, त्याची भरपाई कशी करावयाची हे मात्र आधीच ठरलेले असावे. नाहीतर ठराव कागदावर राहील. वर्षभराच्या दृष्टीने अधिक सोपा उपाय म्हणजे नांगर न टाकता कायमच्या बोयाला होडी बांधणे. त्याला खर्च थोडा लागतो आणि वाद होण्याचे कारण राहत नाही.

प्रवाळ उचलून दुसरीकडे लावणे हा मार्गही आता आपल्या राज्यात वापरला गेला आहे. मुंबईच्या सागरी किनारा मार्गाच्या बांधकामात हाजी अली व वरळी येथील अठरा प्रवाळ वसाहती नोव्हेंबर २०२० मध्ये राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या साहाय्याने अन्यत्र हलविण्यात आल्या. सर्व पाषाण-प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, स्थान असल्यामुळे तशी रीतसर परवानगी घ्यावी लागली. भरावाखाली गाडले जाणारे प्रवाळ यामुळे वाचविता येते. तापलेल्या पाण्यातून त्याला हलविण्यास मात्र आपल्याजवळ थंड समुद्र नाही.

खाडीकाठच्या पंचायतीचा वाटा

आता पुन्हा काल्हेरकडे वळू. उल्हासच्या खाडीतील गाळ काही मालवणला जाऊन पोहोचत नाही. तो वसईच्या मुखातून बाहेर पडून लगतच्या किनारी पाण्यात पसरतो. परंतु उल्हास येथे जे करते तेच मालवणच्या परिसरात कर्ली, गड आणि कोळंबची खाडी करतात. कोणत्याही खाडीच्या काठचे गाव हे खालच्या अंगाच्या कोणत्या तरी खडकाचे, कोणत्या तरी मासळीच्या नर्सरीचे वरचे शेजारी असते. म्हणून काल्हेरला जे लागू, ते देवबागला आणि तळाशीलला लागू आहेच.

पहिला प्रश्न रेतीचा. खाडीतून हातपाटी आणि डुबी पद्धतीने रेती काढण्याचा व्यवसाय ठाणे जिल्ह्यात जुना आहे. सक्शन पंप आल्यापासून त्याचे स्वरूप पालटले. पंपाने तळ खरवडला जातो, दाबून बसलेला बारीक गाळ पाण्यात मिसळतो आणि ओहोटीबरोबर समुद्राकडे जातो. शिवाय काठाची माती सुटून तिवरांची मुळे उघडी पडतात. उल्हास खाडीतील बेकायदा उपशाविरुद्ध महसूल यंत्रणेला वारंवार कारवाई करावी लागली आहे. बार्ज व पंप जप्त झाले की काही दिवस शांतता असते. कायम पहारा ठेवणे तहसीलदारास शक्य नसते. काठावर राहणाऱ्यांना मात्र रात्रीचा पंपाचा आवाज ऐकू येतो. पंचायतीने तो वेळेवर कळविणे, यात कारवाईचे निम्मे काम होते.

दुसरा प्रश्न तिवरांचा. खारफुटीची मुळे वाहत्या पाण्याचा वेग मोडतात आणि गाळ जागच्या जागी बसवितात. मासे व कोळंबी यांची पिल्ले त्यांच्या आडोशाने वाढतात. खारफुटीच्या चिखलात कार्बन दीर्घकाळ गाडलेला राहतो. तापमानवाढीच्या मूळ कारणावर खाडीकाठच्या गावाला थेट करता येण्यासारखे जे थोडे आहे, त्यात हे मोडते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत खारफुटी व प्रवाळ या दोहोंचा समावेश सर्वाधिक संरक्षित वर्गात केला आहे. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ च्या निर्णयाने खारफुटीची तोड व तिच्यावरील भराव यांस मनाई केली असून तिच्याभोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा राखण्यास सांगितले आहे. वन विभागाचा कांदळवन कक्ष २०१२ पासून कार्यरत आहे. गोदामांच्या पट्ट्यात जमिनीला सोन्याचे मोल आले असता एक ट्रक राडारोडा तिवरांत ओतणे किती सोपे आहे, हे तेथील सदस्यांना सांगावयास नको. असा भराव पहिल्या ट्रकालाच अडवावा लागतो. पन्नासाव्या ट्रकानंतर तेथे तिवर होते हे सिद्ध करणेही कठीण जाते.

त्यासाठी हाती नोंद हवी. जैवविविधता अधिनियम २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. पुष्कळ ठिकाणी ती एकदा भरून कपाटात ठेवली गेली आहे. तिवरांची हद्द गट क्रमांकासह, सांडपाणी खाडीत उतरणाऱ्या नाल्यांची ठिकाणे, कोणती मासळी कोणत्या महिन्यात मिळे व आता मिळते, ही माहिती दरवर्षी तीत भरली, तर तंट्याच्या वेळी ती पुरावा म्हणून उपयोगी पडेल. भिवंडीच्या यंत्रमाग परिसरातील पाणी घेऊन येणारी कामवारी नदी याच खाडीला मिळते. तेव्हा एकट्या काल्हेरने आपला नाला सुधारून भागणार नाही. शेजारच्या पंचायती आणि महानगरपालिका यांच्याशी पत्रव्यवहार करावा लागेल. त्या पत्रव्यवहारालाही अशी नोंदच बळ देते.

शाळेसाठी एक प्रयोग

शिक्षकांना हा विषय खर्चाशिवाय शिकविता येईल. इटलीतील धर्मगुरू व खगोलशास्त्रज्ञ एंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये पाण्याचा नितळपणा मोजण्यासाठी पांढरी तबकडी वापरली. तिचे तत्त्व आजही तसेच वापरात आहे. वीतभर व्यासाचे एक पत्र्याचे ताट घ्यावे, त्याचे चार भाग करून एकाआड एक काळे व पांढरे रंगवावे. मध्यभागी भोक पाडून दोरी ओवावी आणि खाली दगड बांधावा. दोरीला दर दहा सेंटिमीटरवर गाठ मारावी. दुपारच्या उन्हात धक्क्यावरून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, ताट पाण्यात सोडावे आणि ते दिसेनासे होताच गाठी मोजाव्यात. विद्यार्थ्यांना चिखलात किंवा पाण्यात उतरू देऊ नये.

एका मोजणीने काही सिद्ध होत नाही. महिन्यातून दोनदा, भरतीची एक व ओहोटीची एक अशी मोजणी वर्षभर घ्यावी. तारीख, वेळ, भरती की ओहोटी, आदल्या दिवशी पाऊस झाला होता काय, काठावर पंप चालू होता काय, एवढे स्तंभ वहीत आखावेत. सोबत काचेच्या बरणीत खाडीचे पाणी भरून रात्रभर ठेवावे व तळाशी बसलेल्या गाळाची उंची पट्टीने मोजावी. श्रावणातील आणि पौषातील बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे काल्हेरला पोवळे का नाही हे सातवीच्या मुलालाही सांगावे लागत नाही. वर्षाअखेरीस वहीची एक प्रत पंचायतीच्या नोंदवहीस जोडावी. मालवण किंवा देवगडकडील एखाद्या शाळेने तेच ताट, तशाच गाठी घालून आपल्या खाडीत सोडले आणि दोन्ही शाळांनी आकडे एकमेकींना कळविले, तर दुसऱ्या वर्षापासून तुलना करता येईल.